वर एक, खाली एक

टीव्हीची अँटेना फिरवायला दोन माणसं लागतात, ही गोष्ट सेटबरोबर मिळालेल्या इंग्रजी पुस्तिकेत कुठेही लिहिलेली नव्हती. शालिकराम भोयरांनी ती पुस्तिका शब्दकोश जवळ घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. सेट पाण्यात बुडवू नये असं तिच्यात होतं. सेटवर फुलदाणी ठेवू नये असंही होतं. पण एकानं स्लॅबवर चढून पाइप फिरवत "आलं का?" म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्यानं खाली पडद्यासमोर बसून "आलं", "गेलं", "अजून थोडं", "अरे होतं तेही घालवलं" असं उलट ओरडायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रत्येक घरात दुसरं माणूस असतंच, असा कंपनीचा समज असावा.

शालिकरामांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होत आली होती. एकुलती एक मुलगी शामला लग्न होऊन तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या भिलाईला गेली होती आणि तिथंच एका शाळेत शिकवत होती. ती दिवाळीला यायची, पण या दिवाळीला तिच्या सासूचं आजारपण निघालं आणि ती आली नाही. शालिकराम स्वतः जंगल खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. रेशीमबागेच्या मागच्या गल्लीत त्यांचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं, आणि त्या तीन खोल्यांत दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी व्हायचं. तोही घाईत असायचा.

घरात काहीतरी बोलतं असावं, एवढ्यासाठी त्यांनी टीव्ही आणला. तेव्हा गल्लीत कोणाकडेच टीव्ही नव्हता. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, सेटची गॅरंटी संपायच्या आतच ती बुडाली. पण सेट देखणा होता. लाकडी पेटी, तिला सरकतं शटर आणि शटरला चक्क कुलूप. भैय्याजींच्या दुकानात दुसरे बरेच सेट होते, पण शालिकराम त्या कुलपावर भाळले. आयुष्यभर सरकारी कपाटं सांभाळलेल्या माणसाला कुलपासारखं दुसरं काही आवडत नाही.

टीव्ही आला आणि संध्याकाळी घर भरू लागलं. समोरचा एसटी डेपोतला कवडू बायकापोरांसकट यायचा. शेजारच्या शोभाताई त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे यमुताईंना, हाताला धरून आणायच्या. मनकर्णाबाई असत्या तर त्यांनी चहाचं आधण ठेवलं असतं. शालिकरामांनी नियम ठेवले. चपला फाटकाबाहेर. शेंगा खायच्या नाहीत. उशिरा आलेल्यानं उभं राहायचं. भिंतीला पाठ टेकून तेलाचे डाग पाडायचे नाहीत. हे सगळं लोकांनी सहन केलं, कारण त्या बदल्यात सिनेमा फुकट होता. पण एकदा बातम्या चालू असताना यमुताईंना खोकल्याची उबळ आली, आणि शालिकराम म्हणाले, "खोकायचं असन तं बाहेर जाऊन खोका जी." त्या रात्री शोभाताई सासूबाईंना घेऊन गेल्या त्या गेल्याच. पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडे टीव्ही आला, आणि तोही रंगीत. मग कवडूनं हप्त्यानं घेतला. वर्षाच्या आत गल्लीतल्या प्रत्येक स्लॅबवर अँटेना उभी राहिली आणि शालिकरामांच्या बैठकीत नियम तेवढे उरले.

अशात जानेवारीत शामलाचं पत्र आलं. तिच्या शाळेच्या मुलींचं लोकनृत्य दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी निवडलं होतं आणि मुलींबरोबर ती स्वतः चालणार होती. 'बाबा, टीव्हीवर दिसू आम्ही. नीट पाहा,' असं तिनं लिहिलं होतं. शालिकरामांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि तडक फाटकात जाऊन उभे राहिले. ज्याच्याशी बोलणं होतं त्याला सांगितलंच, पण ज्याच्याशी नव्हतं त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. वर्षभर जी मुलगी डोळ्यांना दिसली नव्हती ती आता घरबसल्या दिसणार होती. त्या माणसाला त्या महिन्यात दुसरं काहीच नको होतं.

आणि मग संक्रांत आली. नागपुरात संक्रांतीला माणसं घरात कमी आणि स्लॅबवर जास्त असतात. दिवसभर "ओ पार!" चा गजर चालला होता. संध्याकाळी कोणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा मांजा शालिकरामांच्या अँटेनात अडकला, आणि तो कोणीतरी, पतंगापेक्षा मांजा महाग असल्यासारखा, जोर लावून ओढला. मांजा सुटला. अँटेना सेमिनरी हिल्सवरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून उभी होती, ती वळून अजनी स्टेशनकडे पाहू लागली. खाली पडद्यावर मुंग्याच मुंग्या झाल्या. आवाज मात्र खणखणीत येत होता.

दुसऱ्या दिवशी शालिकराम सीताबर्डीला भैय्याजींच्या दुकानात गेले.

"भैय्याजी, चित्र गेलं."

"आवाज हाय काका?"

"आवाज हाय."

"मंग सेट टकाटक हाय. सेट बिघडला असता तं आवाज पयले गेला असता. गडबड बूस्टरमंदी हाय."

बूस्टर भैय्याजींच्या साळ्याच्या दुकानातला होता. साळा म्हणाला, "बूस्टर तं एक नंबर हाय, वायरवाल्याले पुसा." वायरवाला म्हणाला, "वायरले काय होते? तुमच्याकडं वोल्टेजच नाही येऊन राह्यलं." स्टॅबिलायझरवाल्यानं सुई पाहिली आणि व्होल्टेज उत्तम असून दोष सेटातच असल्याचं सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण शालिकरामांना ठाऊक होती. पण इथे चार नाचणारे होते आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं अंगण दाखवत होता. यात आठवडा गेला आणि ते फिरून भैय्याजींकडे आले.

"मंग अँटेना हलली असन काका," भैय्याजी आता म्हणाले. "घरातल्या कोनाले वर चढवा, तुमी खाली बसून पाहा. दोन मिन्टाचं काम हाय."

"तुमचा मानूस पाठवा ना गा."

"पाठवतो ना! आता तो गावाले गेला हाय, सत्तावीसले पाठवतो. सब्बीसले तं छुट्टी हाय."

"अरे, सब्बीसलेच पाह्यचं हाय मले! माही पोरगी येऊन राह्यली टीव्हीवर!"

"वा वा! मंग घरच्याच कोनाकडून करून घ्या ना. काहून, घरी कोनी नाही काय?"

घरी कोणी नाही, हे शालिकरामांना रोजच ठाऊक होतं. पण ते भरदुकानात, पंख्याच्या आणि मिक्सरच्या गिऱ्हाइकांसमोर तोंडानं सांगायचं म्हणजे फार वाईट वाटलं. "हायेत ना, हायेत," असं म्हणून ते पायऱ्या उतरले.

मग सुरू झाला एकट्यानं अँटेना फिरवण्याचा प्रयोग. वर जायचं, पाइप बोटभर फिरवायचा, खाली यायचं, पाहायचं. मुंग्या. पुन्हा वर. पहिल्या दिवशी ते इतक्यांदा चढले-उतरले की रात्री गुडघ्यांना एरंडेल चोळावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनकर्णाबाईंचा आरसा जिन्याच्या तोंडाशी टेकवून ठेवला. वरून वाकून पाहिलं तर आरशात टीव्ही दिसायच्या ऐवजी स्वतःचंच तोंड दिसलं, आणि तेही दमलेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सेटच उचलून अंगणात तोंड करून ठेवला आणि स्लॅबच्या कडेला पालथं झोपून डोकं खाली लोंबवलं. हा उपाय मात्र नामी होता. पडदा दिसत होता. पडद्यावरची बाई डोक्यावर उभी राहून बातम्या देत असावी असा अंधुक भासही झाला. पण पाइप होता स्लॅबच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात. दिसत होतं तेव्हा हात पोचत नव्हता, आणि हात पोचत होता तेव्हा दिसत नव्हतं.

समोरून कवडूनं त्यांचं लोंबतं डोकं पाहिलं आणि तो धावतच फाटकापर्यंत आला.

"शालिकभाऊ! काय झालं जी? चक्कर आली काय?"

"नाही गा. ऊन घेऊन राह्यलो."

"उलटं?"

"मानेले घेऊन राह्यलो."

कवडूनं फाटकाच्या कडीवर हात ठेवला. वर येऊ का, असं विचारावं असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण याच माणसानं एकदा त्याच्या पोरांना शेंगांची टरफलं मोजायला लावली होती, तेव्हा तो तसाच परत गेला. आणि शालिकरामांनाही 'ये बाबा, खाली बसून फक्त आलं की गेलं एवढं सांग' असं म्हणता आलं नाही. एकदा संध्याकाळी मात्र पाइप फिरवता फिरवता त्यांच्या तोंडून, मनकर्णाबाईंशी बोलायच्या जुन्या सवयीनं, निघून गेलं, "आलं का वं?" खालून अर्थातच उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी पाइप सोडला आणि बराच वेळ ते स्लॅबवर नुसतेच बसून राहिले.

सव्वीस तारीख उजाडली. शालिकरामांनी आंघोळ केली, धुवट धोतर नेसलं, सेट पुन्हा जागेवर नेऊन शटर उघडलं. आवाज येत होता. घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. पडद्यावर मुंग्यांचंच संचलन चाललं होतं. ते अनवाणीच स्लॅबवर गेले आणि दोन्ही हातांनी पाइप गच्च धरून त्यांनी तो देवाचं नाव घेऊन फिरवला.

नेमकी त्याच वेळी गल्लीतल्या खांबावर ठिणगी उडाली. एक फेज गेली. ज्यांची घरं त्या फेजवर होती त्यांचे टीव्ही बंद पडले, आणि त्यात शोभाताईंचा रंगीतही होता आणि कवडूचा हप्त्याचाही. शालिकरामांची वीज मात्र दुसऱ्या फेजवरची. संचलन ऐन रंगात आलेलं. कवडूनं कान दिला तर शालिकरामांच्या घरातून बँडचा आवाज येत होता. मान-अपमान गेला खड्ड्यात म्हणून तो पोरांना घेऊन निघाला. त्याला जाताना पाहून शोभाताई निघाल्या. "शामलाचं आहे ना आज, गेलंच पाहिजे," असं त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी मोठ्यानं म्हटलं आणि यमुताईंचा हात धरला.

बैठकीत येऊन पाहतात तर घरमालकाचा पत्ता नाही आणि पडद्यावर चित्र लख्ख!

"आलं का?" वरून शालिकरामांचा आवाज आला. तो प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नव्हता.

"आलं!" खालून सात-आठ जण एकदम ओरडले.

शालिकराम दचकले. त्यांनी पाइप सोडला आणि ते स्लॅबच्या कडेपाशी धावले.

"गेलं! गेलं!" खालून कालवा झाला.

त्यांनी परत येऊन पाइप धरला. "आलं!" सोडला. "गेलं!" पुन्हा धरला. "आलं जी, आता हलू नका!" मांजाच्या ओढीत अँटेनाची वायर आतून तुटली होती की काय झालं होतं कोण जाणे, पण त्यांचा हात पाइपला लागलेला असेल तोपर्यंतच चित्र टिकत होतं. कवडू वर आला. "मी धरतो शालिकभाऊ, तुमी जा खाली." त्यानं धरलं, तर खालून आरडाओरडा, मुंग्या. शोभाताईंनी सुचवलं म्हणून पाइपवर पितळी तपेलं उपडं घालून पाहिलं. ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. कवडूच्या बायकोनं, प्रेमिलानं, भीतभीत हात लावून पाहिला. काही उपयोग नाही. त्या अँटेनाला शालिकराम भोयरच पाहिजे होते.

"असं काहून करून राह्यली वं ही?" कवडू वैतागून म्हणाला.

"तुमचीच सवय लागली आहे तिला," शोभाताई जिन्यातून म्हणाल्या. गेल्या वर्षभरात त्यांनी शालिकरामांशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

मग तोड निघाली. शालिकरामांनी वर पाइप धरून उभं राहायचं. कवडूनं जिन्याच्या तोंडाशी, जिथून पडदाही दिसतो आणि वरही ऐकू जातं, तिथं बसायचं आणि काय दिसतं ते ओरडून सांगायचं. मध्य प्रदेशच्या मुली आल्या की शालिकरामांनी धावत खाली यायचं का, या मुद्द्यावर थोडी चर्चा झाली. पण ते खाली आले की मुली जाणार, हे कवडूच्या धाकट्या पोरीलाही कळत होतं.

"रणगाडे आले, शालिकभाऊ!"

"येऊ दे."

"आता उंट! सजवलेले हायेत एकदम!"

"शामला?"

"अजून नाही. आता कोन्या राज्याचा रथ हाय, मोर-गीर लावून हायेत."

खाली बैठक भरली होती. कोणाच्या चपला दारात, कोणाच्या थेट सतरंजीवर. शेंगा फोडल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. यमुताई मनसोक्त खोकत होत्या. शालिकराम थंडीत पाइप धरून उभे होते, हात गारठून गेले होते, आणि त्यांना खरं सांगायचं तर राग येत नव्हता. वर्षभरात त्या घरातून इतके आवाज आले नव्हते. फक्त त्या आवाजांमध्ये आपण नाही, आपण त्यांच्या डोक्यावर आहोत, एवढंच त्यांना टोचत होतं.

आणि मग कवडूचा आवाज फाटला. "मध्य प्रदेश! शालिकभाऊ, मध्य प्रदेश म्हनते! पोरी येऊन राह्यल्या!"

शालिकरामांना वर ठरलेलं काही आठवलं नाही. त्यांनी पाइप सोडला आणि या वयात शोभणार नाही अशी जिन्याकडे धाव घेतली. "गेलं! गेलं!" असा एकच हलकल्लोळ उठला. "हात! हात! शालिकभाऊ, हात लावा!" अर्ध्या जिन्यात ते थबकले. खाली जावं तर तिथं मुंग्या, वर जावं तर तिथं आकाश. ते वळले, धापा टाकत पुन्हा वर चढले आणि त्यांनी पाइप पकडला.

"आलं!" खालून आवाज आला.

"कवडू?" शालिकरामांनी वरून विचारलं. "शामला?"

"आता... आता गुजरात हाय जी."

शालिकराम पाइप धरून उभेच राहिले. सोडून काय करायचं होतं? खाली लोकांना विमानं पाहायची होती. डोळ्यांतून पाणी आलं, पण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ते पुसता आलं नाही. विमानं झाली, राष्ट्रगीत झालं, खाली सगळे उठून उभे राहिले तेव्हा तेही वर ताठ उभे होते.

शालिकराम खाली उतरले. फेज आलेली होती, शोभाताईंच्या घरातला टीव्ही इथवर ऐकू येत होता, पण कोणी जागचं हललं नाही. शालिकरामांनी एकदा पडद्यावरच्या मुंग्यांकडे पाहिलं.

"दिसली ना पन!" कवडू एकदम म्हणाला.

"दिसली?"

"तं काय! तुमी हात काढला ना, त्याच्या जराशा अगोदर. पोरींच्या बाजूनंच चालून राह्यली होती. असा हात हलवला तिनं." कवडूनं हात हलवून दाखवला.

"हो का?" शालिकराम मटकन खाटेवर बसले. "तुमाले दिसली, शोभाताई?"

शोभाताईंनी एकदा कवडूकडे पाहिलं. "दिसली ना. पांढरं पातळ होतं. छान दिसत होती हो."

"वाळली काय जी?"

"नाही, उलट थोडी भरली आहे."

"केसात फूल होतं," प्रेमिला म्हणाली.

"हसली," यमुताई म्हणाल्या आणि खोकल्या.

शालिकरामांनी प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. हात उजवा हलवला की डावा? चष्मा होता का? कवडूनं उजवा सांगितला, मग डावा सांगितला, मग "दोन्ही" म्हणून मोकळा झाला. शोभाताई उठून आत गेल्या आणि डबे हुडकून त्यांनी सगळ्यांचा चहा टाकला. मुलगी आपल्याला सोडून साऱ्या गल्लीला दिसली, याचं दुःख शालिकरामांना झालं; पण निदान आपल्याच घरात दिसली, आणि पाहायला इतकी माणसं होती, याचा आनंदही झाला. तो चहा ते दोन वेळा प्याले.

संध्याकाळी शोभाताईंनी त्यांना जेवायलाच बोलावलं. कवडूही "सहज" म्हणून तिथं येऊन बसला होता. पानं मांडत असतानाच फोन वाजला. गल्लीत फोन एकच, शोभाताईंचा, आणि गल्लीतल्या सगळ्यांचे कॉल त्याच्यावरच यायचे.

"दिल्लीहून आहे," शोभाताई रिसीव्हर पुढे करत म्हणाल्या. "शामला!"

शालिकरामांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, सकाळी पाइप धरला होता तसा. तिला बोलायला त्यांनी सवडच दिली नाही.

"पाह्यलं वं तुले, पोरी! पाह्यलं! पांढरं पातळ, केसात फूल, अन् हात हलवला तू! भरली जराशी, चांगलं झालं!"

पलीकडे नुसती खरखर ऐकू येत होती.

"कोनी पाह्यलं, बाबा?"

"मी! मीच पाह्यलं ना, या डोळ्यानं!"

पुन्हा खरखर. मग शामला हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आमी गेलोच नाही. आमच्या शाळेच्या पोरी शेवटी राखीव ठेवल्या. मध्य प्रदेशची दुसरी शाळा नाचली. आमी सकाळपासून तंबूतच बसून होतो. तुमी वाट पाहून राह्यले असान, म्हनून जीव लागून नाही राह्यला, म्हनून फोन लावला."

कानाशी रिसीव्हर तसाच धरून शालिकरामांनी समोर पाहिलं. शोभाताई पोळीचा डबा हातात घेऊन उभ्या होत्या. यमुताईंनी खोकला दाबून धरला होता. कवडू पाटावरून अर्धवट उठला होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत चालला होता. या माणसांनी सकाळी मध्य प्रदेशच्या वेळी मुंग्यांशिवाय काही पाहिलं नव्हतं, हे शालिकरामांना त्या क्षणी कळलं. यांना आपली दया आली होती. आणि दया आली म्हणून इतका वेळ, इतक्या निगुतीनं, कोणी आपल्याशी खोटं बोललं होतं. असं खोटं बोलणारं माणूस त्यांना कित्येक दिवसांत भेटलं नव्हतं.

"बाबा? रागावले काय?"

"नाही वं."

"मागं कोनाचा आवाज येऊन राह्यला? कोठून बोलता तुमी?"

"शोभाताईकडून. जेवाले आलो. कवडू हाय, प्रेमिला हाय, म्हातारी हाय. सकाळपासून सारे संगंच हावो."

"सारे?"

"सारे."

शामलानं नाक ओढल्याचं दिल्लीहून नागपूरपर्यंत ऐकू आलं. "मंग बाबा," ती म्हणाली, "मंग दिसलीच असन मी."

"तेच तं सांगून राह्यलो," शालिकराम म्हणाले. तेवढ्यात ऑपरेटरनं मध्येच तोंड घातलं आणि लाइन तुटली. त्यांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला.

"काय म्हनते, शालिकभाऊ?" कवडूनं विचारलं. त्याचा आवाज बसल्यासारखा झाला होता.

शालिकराम पाटावर बसले. शोभाताईंनी वाढलेली पोळी त्यांनी मोडली.

"म्हनते, कवडूकाकानं बरोबर पाह्यलं. हात हलवला होता."

कवडू क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याची छाती फुगली. त्यानं सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि दुखावल्या स्वरात म्हणाला, "मंग! मी काय खोटं बोलतो काय?"

"नाही गा," शालिकराम म्हणाले. "तू कायले खोटं बोलशीन. बस, जेव."